एफ-१५० वर सीबी अँटेना: कोणता घ्यायचा आणि कुठे बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलोरॅडोत राहणारं मराठी कुटुंब, २०१८ ची फोर्ड एफ-१५०, चार दारांची कॅब आणि मागे साडेपाच फुटी हौदा. उन्हाळ्यात तीन-चार गाड्या मिळून डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जातात, म्हणून सीबी (सिटिझन्स बँड, गाड्यांनी आपापसांत बोलायचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) सेट घेतला. दुकानातून आणलेला मॅग्नेटचा अँटेना टपावर ठेवला तर चिकटतच नाही. टपाला भोक पाडायची इच्छा नाही आणि रात्री गाडी घरच्या गॅरेजात शिरली पाहिजे. अशा वेळी कोणता अँटेना घ्यायचा आणि कुठे लावायचा?

आधी सरळ उत्तर देतो. बॉनेट आणि मडगार्डच्या फटीतून वर येणारं, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं पोलादी ब्रॅकेट घ्या. त्यावर चार फुटी, टोकाकडे कॉइल (आखूड काठीला विजेच्या दृष्टीने लांब करणारी गुंडाळलेली तार) असलेला फायबरग्लासचा अँटेना लावा. ट्यूनिंगसाठी टोकाला स्क्रू असलेलाच घ्या. मध्ये फिरवून काढता येणारा क्विक डिस्कनेक्ट, आणि १८ फूट आरजी-८एक्स ही कोएक्सिअल केबल (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी), जिच्या सेटकडच्या टोकाला छोटा एफएमई जोड असेल. शिवाय तांब्याच्या विणलेल्या चपट्या पट्टीचे चार-पाच तुकडे. या पट्ट्यांवाचून बाकीच्या खर्चाचा अर्धा फायदा वाया जातो, आणि लोक नेमक्या त्याच घ्यायच्या विसरतात.

अमेरिकेत सीबीला परवाना लागत नाही. २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये ४० चॅनल आहेत. आवाज पाठवायच्या दोन पद्धतींपैकी एएमवर ४ वॉट आणि एसएसबीवर १२ वॉट कमाल, आणि २०२१ पासून एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण नियामकाने, एफएमलाही परवानगी दिली आहे. जादा पॉवरचा अँप्लिफायर लावणं बेकायदा आहे. म्हणजे सगळ्यांची पॉवर सारखीच. तुमचा आवाज पलीकडच्या वळणावर पोचतो की नाही, हे ठरतं अँटेना आणि तो जिथे बसलाय त्या धातूवर. (भारतातल्या वाचकांसाठी: तिथे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंत परवानामुक्त आहे, पण सेटमध्येच बसवलेल्या अँटेनाच्या अटीवर. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या गाडीला धरून वाचा.)

आता मूळ मुद्दा. सीबीची तरंगलांबी साधारण ११ मीटर. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. पाव तरंगलांबीची काठी हा अर्धाच अँटेना असतो, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. काठीत जेवढा करंट वाहतो तेवढाच पत्र्यातही वाहावा लागतो. पत्र्याकडे जाणारी वाट खराब असेल तर तो करंट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून सेटपर्यंत परत येतो, आणि मग कितीही महाग काठी घेतली तरी रडगाणं संपत नाही. म्हणून काठी निवडण्याआधी पत्र्याचा विचार करा.

एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, फोर्डच्याच मोठ्या पिकअपची, सुपर ड्यूटीची, २०१७ पासून. खालची फ्रेम मात्र पोलादाचीच. ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही, एवढीच अडचण. विजेच्या दृष्टीने ॲल्युमिनियमचं टप पोलादापेक्षा काकणभर सरसच. मॅग्नेट बसावा म्हणून काही जण टपावर दुहेरी टेपने लोखंडी चकती चिकटवतात. तसं करू नका. उन्हाने टेप मऊ पडते आणि हायवेच्या वेगात अँटेना चकतीसकट मागच्या गाडीच्या काचेवर जाऊ शकतो. हीच गाडी टोयोटा टॅकोमा किंवा होंडा रिजलाइन असती तर अडचण वेगळी असती. त्यांचा हौदा कॉम्पोझिटचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा. तिथे हौद्याच्या कडेला ब्रॅकेट लावलं तर अँटेनाला खाली काहीच मिळत नाही.

जागांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टपाचा मध्य सर्वांत उत्तम. चारी बाजूंना सारखा पत्रा मिळतो, सगळ्या दिशांना सारखा आवाज जातो, आणि पाऊण इंची भोक पाडून एनएमओ माउंट बसवला तर तो रबरी रिंगमुळे वर्षानुवर्षं गळत नाही. भोक पाडायला मन तयार झालं तर हाच पर्याय घ्या. फक्त आतलं अस्तर खाली घेताना बाजूच्या पडदा-एअरबॅग कुठून गेल्यात ते आधी बघा. वर काचेचं सनरूफ असेल तर हा विचारच सोडा.

त्यानंतर बॉनेटच्या फटीतलं ब्रॅकेट. अँटेना विंडशील्डच्या पुढे, कडेला उभा राहतो. चार फुटी काठीचा वरचा जवळपास निम्मा भाग टपाच्या वर येतो आणि कॉइल टोकाकडे असल्यामुळे ती मोकळ्या हवेत राहते. कंपनीचा एफएम अँटेना ज्या मडगार्डवर आहे, त्याच्या विरुद्ध बाजूला लावा. दोन काठ्या शेजारी आल्या की एकमेकींचं ट्यूनिंग बिघडवतात.

तिसरी जागा म्हणजे कॅबच्या मागे, हौद्याच्या कडेवरच्या चौकोनी भोकातलं (स्टेक पॉकेट) ब्रॅकेट. सोयीची, पण दोन अडचणी. काठीचा खालचा भाग कॅबच्या मागच्या भिंतीला समांतर येतो. एक फुटापेक्षा जवळ आला तर ट्यूनिंगच्या नाकी नऊ येतात. दुसरं म्हणजे हौदा आणि कॅब फ्रेमवर वेगवेगळे बोल्ट केलेले असतात, कॅब तर रबरी बुशांवर. म्हणजे तुम्ही ज्याला एक गाडी समजता ते रेडिओच्या दृष्टीने दोन तुकडे आहेत. इथे पाच फुटी काठी घ्या आणि हौदा, कॅब, फ्रेम तिन्ही पट्ट्यांनी जोडा.

बंपरवर १०२ इंची पोलादी काठी लावायची हौस अनेकांना असते. खाली सहा इंची स्प्रिंग धरली की ती बरोबर नऊ फूट होते, कॉइलच नाही, त्यामुळे कार्यक्षमतेत तिला तोड नाही. पण बंपर जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे टोक अकरा फुटांवर. झाडाच्या फांद्या, पेट्रोल पंपाचं छत, ड्राइव्ह-थ्रूची कमान, सगळीकडे आपटणार. तीच काठी टपावर लावली तर पंधरा फुटांच्या वर जाते आणि बऱ्याच राज्यांतली साडेतेरा फुटांची उंचीमर्यादा ओलांडते. विजेच्या तारांचा धोका तर सांगायलाच नको.

दोन आरशांवर दोन अँटेना लावलेले मोठे ट्रक पाहून पिकअपवरही जोडी लावावीशी वाटते. लावू नका. जोडीचा खरा फायदा दोघांत आठ-नऊ फूट अंतर असेल तरच मिळतो. पिकअपची रुंदीच साडेसहा-सात फूट. शिवाय त्यांना ७५ ओहमच्या दोन ठरावीक लांबीच्या केबलांचा वेगळा जोड लागतो. दुप्पट खर्च आणि बिघडायच्या दुप्पट जागा.

काठी निवडताना खोक्यावरच्या दोन दाव्यांकडे काणाडोळा करा. ‘५/८ वेव्ह’ असं चार फुटी काठीवर लिहिलेलं असतं. खरी ५/८ तरंगलांबी सीबीवर जवळजवळ सात मीटर होते. तो आकडा आत गुंडाळलेल्या तारेच्या लांबीचा आहे, अँटेनाच्या उंचीचा नव्हे. दुसरा दावा हजारो वॉट सोसण्याचा. तुमचा सेट ४ वॉटचा आहे. बघायची ती लांबी आणि कॉइलची जागा. नऊ फुटी काठीचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवरचा जो वाटा लहरी होऊन बाहेर पडतो त्याचं माप) सुमारे ३६ ओहम असतो. दोन फुटी काठीचा तो मोजक्या ओहमांवर येतो, आणि गाडीच्या पत्र्यातला, जोडांतला, कॉइलमधला तोटा त्याहून जास्त असतो. म्हणजे बरीचशी पॉवर उष्णतेत जाते. गॅरेजसाठी आखूड काठी घेण्यापेक्षा चार फुटी घेऊन ती घरी आल्यावर काढून ठेवणं कधीही बरं. टपाला भोक पाडून बसवणार असाल तर मात्र विल्सन १००० सारखा, बुडाशी कॉइल आणि वर साधारण पाच फुटी पोलादी काठी असलेला अँटेना चांगला. टपावर कॉइल आपोआपच मोकळ्यात असते. तोच अँटेना मडगार्डवर लावला तर कॉइल बॉनेटच्या कुशीत दबते. म्हणून ‘सगळ्यात चांगला अँटेना कोणता’ याला जागा ठरवल्याशिवाय उत्तर नाही.

आता बसवणी. बॅटरीची निगेटिव्ह काढून कामाला लागा.

मडगार्डचे एक-दोन बोल्ट काढून त्याच भोकांवर ब्रॅकेट बसतं. बोल्टच्या बुडाखालचा रंग पॉलिश पेपरने नाण्याएवढ्या जागेत पूर्ण खरवडा, चमकता धातू दिसला पाहिजे. ब्रॅकेटवरचं काळं पावडर कोटिंगही त्या जागी काढा. याचा कंटाळा केला की ब्रॅकेट घट्ट बसतं पण विजेच्या दृष्टीने अधांतरी राहतं. बाहेरून दाते असलेला स्टेनलेस वॉशर घाला, ॲल्युमिनियमच्या जोडासाठी मिळणारी गंजरोधक पेस्ट लावा, बोल्ट आवळा. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, की पांढरी भुकटी धरायला एक मोसम पुरतो. पेस्ट त्यासाठीच. तांब्याची पट्टीही कथील चढवलेलीच घ्या, उघडं तांबं ॲल्युमिनियमवर दाबू नका.

पट्टी पाऊण ते एक इंच रुंद आणि शक्य तितकी आखूड हवी. एक ब्रॅकेटपासून आतल्या मजबूत पत्र्याला, दोन बॉनेटच्या दोन्ही बिजागरांवरून, एक कॅबपासून फ्रेमला, जमल्यास एक हौद्यापासून फ्रेमला. पट्टीऐवजी साधी वायर का नको, याचं कारण आकड्यांत आहे. एक मीटर वायरचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. २७ मेगाहर्ट्झवर तेवढ्यानेच सुमारे १७० ओहमचा अडसर होतो. मल्टिमीटर तीच वायर शून्य ओहम दाखवेल, कारण तो डीसी मोजतो. ‘मीटर तर अर्थिंग ठीक दाखवतो’ म्हणून लोक जिथे अडकतात ते हेच ठिकाण.

सगळ्यात जास्त चुका स्टडच्या, म्हणजे काठी आणि केबल ब्रॅकेटवर जोडणाऱ्या बोल्टच्या, जोडणीत होतात, म्हणून ती सावकाश सांगतो. ब्रॅकेटला अर्ध्या इंचाचं भोक असतं. खालून एसओ-२३९ सॉकेट (ज्यात केबलचं टोक बसतं) असलेला भाग येतो. त्याची धातूची कडा ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला थेट टेकली पाहिजे, मध्ये प्लास्टिक नको, कारण केबलच्या जाळीचं अर्थिंग तिथूनच होतं. वरून नायलॉनचा पांढरा वॉशर येतो, त्याचा खांदा भोकाच्या आत उतरतो. त्यावर ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा क्विक डिस्कनेक्ट. मधला बोल्ट भोकाच्या कडेला कुठेही शिवता कामा नये. वॉशर चुकून खाली घातला तर सॉकेटची कडा ब्रॅकेटपासून तुटते आणि बोल्ट वर पत्र्याला टेकतो. दोन्ही बाजूंनी काम बिघडलं. आवळताना जोर काढू नका. नायलॉन तडकला की लगेच कळत नाही, पहिल्या पावसात तडीत पाणी शिरल्यावर कळतं.

जोडून झाल्यावर, अँटेना आणि केबल न लावता, मल्टिमीटर धरा. मधला बोल्ट आणि ब्रॅकेट यांच्यात विजेचा काहीही जोड दिसू नये. ब्रॅकेट आणि बॉडीचा उघडा धातू यांच्यात अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. काही बेस-कॉइल अँटेना मुळातच आतून डीसी शॉर्ट दाखवतात, म्हणून ही तपासणी काठी लावण्याआधीच करायची.

केबल बॉनेटखालून फायरवॉलच्या रबरी ग्रोमेटमधून आत न्या. एफएमई जोड इथे कामी येतो. सेटमध्ये बसणाऱ्या पीएल-२५९ या जोडाचं जाड तोंड त्या भोकातून जात नाही, एफएमईचं टोक जातं, आणि आत आल्यावर पीएल-२५९ वर चढवता येतो. एक्झॉस्ट, पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब ठेवा, दोन इंचांपेक्षा तीव्र वळण देऊ नका. बाहेरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न शिरता तिथून टपकेल.

१८ फूट केबलबद्दल बरेच समज आहेत. भरीव इन्सुलेशनच्या केबलमध्ये १८ फूट म्हणजे सीबीची पाऊण तरंगलांबी, आणि दोन अँटेनांच्या जोडीला ती लांबी खरोखर लागते. एकट्या अँटेनाला लागत नाही. अर्थिंग नीट असेल तर ९ फुटांवर आणि १८ फुटांवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) सारखाच येतो. यातच एक चांगली चाचणी दडलेली आहे: मध्ये तीन फुटांची जादा केबल जोडून पुन्हा मोजा. आकडा बराच बदलला तर केबलची जाळी अँटेनाचं काम करतेय, म्हणजे अर्थिंग कच्चं आहे. मी १८ फूट सुचवली ती केबल सीटखालून मोकळी फिरवता यावी म्हणून. उरलेली केबल घट्ट वेटोळं करून बांधू नका, फूटभर लांबीचे सैल वळसे द्या. केबलमधला तोटा या लांबीत नगण्य आहे, त्यासाठी जाड आरजी-८ आणून दारात चेपू नका.

आता एसडब्ल्यूआर. गाडी मोकळ्या मैदानात उभी करा, भिंत, झाड, दुसरी गाडी वीस-पंचवीस फुटांच्या आत नको. दारं आणि बॉनेट बंद, माणसं आत. गॅरेजात घेतलेलं माप निरर्थक असतं. मीटर सेट आणि केबलच्या मध्ये जोडा. चॅनल १ वर जा, माइक दाबा, न बोलता काटा कॅलिब्रेशनच्या खुणेवर आणा, मग बटण एसडब्ल्यूआरवर टाकून वाचा. तेच २० आणि ४० वर. वाहतुकीच्या १९ वर आणि आणीबाणीच्या ९ वर चाचण्या करत बसू नका.

चॅनल ४० चा आकडा चॅनल १ च्या आकड्यापेक्षा मोठा आला तर अँटेना लांब आहे, टोकाचा स्क्रू आत घ्या. चॅनल १ वर मोठा आला तर आखूड आहे, स्क्रू बाहेर काढा. एका वेळी एक-दोन फेरेच. दोन्ही टोकांना सारखा आणि मध्ये सर्वांत कमी आला की झालं. क्विक डिस्कनेक्ट लावूनच ट्यून करा, त्याची इंच-दीड इंच लांबी हिशेबात येते. पोलादी काठी कापायची वेळ आली तर एका वेळी पाव इंच, त्याहून जास्त कधीच नाही.

१.५ ला परत येणारी पॉवर ४ टक्के, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. मडगार्डवर मध्यभागी १.५ च्या आसपास आलं की पाना खाली ठेवा. १.५ चं १.१ करण्यात दिवस घालवून पलीकडच्याला काही फरक ऐकू येत नाही. ३ च्या वर असेल तर माइक दाबूच नका, सेटचा फायनल (पॉवर बाहेर देणारा शेवटचा) ट्रान्झिस्टर जातो. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या: कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना असं नाही. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा नुसता रेझिस्टर) १:१ दाखवतो आणि अंगणाबाहेरही आवाज जात नाही. तोटा जास्त असलेली आखूड काठी नेमकी अशीच फसवते.

तिन्ही चॅनलवर ३ च्या वर आलं तर स्क्रूला हात लावू नका. आधी नायलॉन वॉशर बघा, मग ब्रॅकेटखालचा रंग, मग पीएल-२५९ मधली जाळीची एखादी सुटी तार मधल्या पिनला टेकलीय का ते. याच क्रमाने. वेगात गाडी असताना आकडा नाचत असेल तर काठी मागे झुकतेय किंवा बॉनेटची पट्टी सैल आहे. जड स्प्रिंग या ब्रॅकेटवर लावू नका. कच्च्या रस्त्यावर ती काठीला इतकी हलवते की ब्रॅकेटचा पत्रा वळणाच्या जागी तडकतो.

सेटला वीज थेट बॅटरीपासून द्या, सिगारेट लायटरच्या सॉकेटातून नको, तिथून गोंगाट येतो. पॉझिटिव्हवर बॅटरीजवळच, सेटच्या पुस्तिकेत दिलेला फ्यूज. निगेटिव्ह बॅटरीच्या खुंटीवर लावू नका. या गाड्यांत निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या बॉडीकडच्या बाजूला, कंपनीच्या अर्थ बोल्टवर लावा, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. इंजिन चालू केल्यावर वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अल्टरनेटर, सारखी घरघर आली तर बहुधा फ्यूएल पंप. स्वस्तातला यूएसबी चार्जर आणि एलईडी लाइटबार एकेक काढून बघा, दोषी बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

एवढं नीट झालं की सपाट मैदानावर पाच-आठ किलोमीटर निघतात. दरीत, दोन कड्यांच्या मध्ये, त्याच्या निम्मेही नाहीत, आणि तो अँटेनाचा दोष नाही. मडगार्ड पुढच्या कोपऱ्यात असल्यामुळे आवाज तिरक्या विरुद्ध बाजूच्या मागच्या कोपऱ्याकडे, म्हणजे पत्रा जिकडे जास्त तिकडे, थोडा जास्त जातो. ताफ्यात तुम्ही शक्यतो पुढे राहा, मागच्या गाड्या तुमच्या चांगल्या बाजूला येतील. गटातल्या बाकी सगळ्यांकडे जीएमआरएस (अमेरिकेतली दुसरी, आणखी वरच्या फ्रीक्वेन्सीची रेडिओ सेवा) असेल तर मात्र सीबीवर अडून बसू नका. त्याला ३५ डॉलरचा, दहा वर्षांचा आणि सगळ्या कुटुंबाला चालणारा परवाना लागतो, पण त्याची काठी वीतभर पुरते.

हिवाळा सरल्यावर ब्रॅकेटचे बोल्ट काढून पांढरी भुकटी पुसा, पेस्ट नव्याने लावा आणि तिन्ही चॅनलचं माप पुन्हा घ्या. बसवल्या दिवशीचे तीन आकडे सेटच्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. त्यांच्यात ०.५ हून जास्त फरक दिसला तर काठीचा स्क्रू फिरवण्याआधी जोड उघडा.